कुकारा

तळाशीलच्या तरीवर माझ्या सासऱ्यांनी
एकतीस वर्षं वल्हं मारलं.
पलीकडून हाक आली
की होडी सुटायच्या आधी यांचं उत्तर सुटायचं,
व्होऽऽय!
धुकं असो, काळोख असो,
समोरचं माणूस दिसत नसलं तरी.
“कुकारो इलो काय आधी व्हय म्हणूचा,” फटू तारी सांगतात,
“होडी मगे. माणूस त्या एका शब्दार उभो ऱ्हवता.”

मी तिसऱ्यांबद्दल लिहिलं.
ओहोटीला गुडघाभर पाण्यात
पायाच्या बोटांनी त्या कशा चाचपायच्या,
वाळू ओकायला किती वेळ ठेवायच्या,
आणि एकशिपी:
विळीवर शिंपला उघडायचा,
मास सगळं एका शिंपीत राखायचं,
दुसरी माडाच्या आळ्यात.
इनास फर्नांडिसच्या मुलीनं ते नेटवर चढवून दिलं
आणि मोबाईलवर एक तक्ता दाखवला.
कोण आलं ते त्यात नसतं.
किती आले, काय शोधत आले, एवढंच.

तिसऱ्यांतली वाळू कशी काढावी: बेचाळीस.
तिसऱ्या पावसात खाव्या का: एकोणीस.
तिसऱ्या उघडत नाहीत: अकरा.
आणि अगदी तळाला, एकच जण:
एकशिपी कशी करतात आता विचारायला आई नाही

तक्ता मी बंद केला. परत उघडला.
रात्रीचे पावणेतीन. गावाचं नाव नाही.
थांबला, की थांबली, चार मिनिटं.
यंत्रानं माझ्या ओळी उचलून त्याच्यापुढे ठेवल्या
आणि तो कुठे उभा आहे ते मला सांगितलं नाही,
मी कुठे आहे ते त्याला नाही.
दोन्ही काठांवर माणसं,
मधे जगाएवढी होडी,
आणि तारी मुका.

त्या रात्री भांडी विसळताना आठवलं,
मिठाचं लिहायचं राहिलंच की.
हात पुसून तशीच बसले, शेवटी जोडलं:

पावणेतीनला आलेल्या माणसा,
मीठ अगदी शेवटी घाल, चाखून.
शिंपीतलं पाणी आधीच खारट असतं.
ओलं खोबरं घालताना हात आखडू नकोस.
मी तळाशीलची. व्होय.

इनासची मुलगी हसली.
“काकी, लोक एकदाच येतात. घेतात नि जातात.
तो कशाला परत बघतोय?”
खरं होतं तिचं.
मीही तरीवरून उतरलेल्या किती जणांना
मागे वळून बघताना पाहिलंय?

होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवल्या,
नारळी पुनवेला परत पाण्यात गेल्या.
मग एका दुपारी, सहज,
तोच तक्ता, तोच तळ:

मीठ शेवटी घातलं जमलं

एक.

शोधायच्या चौकटीत तो काही शोधत नव्हता.
बोलायला दुसरी फटच ठेवली नव्हती कोणी,
म्हणून जिथे फक्त विचारता येतं
तिथून त्यानं सांगितलं.
यंत्रानं बिचाऱ्यानं त्याचंही उत्तर हुडकलं असणार,
पापणी लवायच्या आत,
दहा दुकानांचं मीठ दाखवलं असणार.

सासरे ओटीवर जाळ्याचं भोक सांधत होते.
त्यांना वाचून दाखवलं.
“वळखलंस?”
नाही.
“खयच्या काठावरसून?”
तेही नाही कळत.
सुई थांबली. ते खाडीकडे बघत राहिले.
पलीकडे कोणी नव्हतं,
एक बगळा, सुकतीचा चिखल.

“मगे असा काय करतंस,” शेवटी म्हणाले,
“परत लिव थय खाली.
इचार ताका,
सोलां घातल्यान काय नाय.”