कोपऱ्यातली अक्षरं

फरक पडतो का हो, असं विचारतात सगळेच,
जिना चढून धापा टाकत,
बॅग काउंटरवर ठेवताना, झोपलेलं मूल ठेवावं तशी.
बोहरी आळीत पहिल्या मजल्यावर माझं दुकान.
खाली घमेली, पाइप, खिळ्यांची पोती.
वर मी, आणि लोकांच्या लेन्समधली बुरशी.

पडतो, म्हणतो मी.
नाही म्हणालो तर खाऊ काय?
आणि खोटंही नाही ते.
सिंहगडावर कल्याण दरवाज्याशी वारा सुटला
की हलका ट्रायपॉड थरथरतो,
आणि तुमची ती दृष्टी वगैरे
त्याच्याबरोबर थरथरते.

बालेवाडीचे केंजळे हसत नाहीत यावर.
त्यांची काच चार लाखांची.
राजगडावर पहाटे चारपासून उभे होते म्हणे,
धुकं काही उठलं नाही.
"तुम्ही कुठले डोंगर काढता?"

मी डोंगर काढत नाही.
मी समोरची पाटी काढतो.

खळदकर. दोर, सुतळी, ताडपत्री.
पिवळ्यावर लाल, पत्र्याची, नऊ फूट लांब.
दुरुस्त झालेली प्रत्येक लेन्स मी खिडकीतून
आधी तिच्यावर रोखतो.
मधली अक्षरं कुठलीही काच दाखवते,
खरी परीक्षा कोपऱ्यांत.
डावीकडे 'ख'चा गाठोडं मारल्यासारखा पोटभाग,
उजवीकडे नुसता कोरा पिवळा रंग.
एकवीस वर्षं, हजारावर लेन्स, तीच पाटी.
एकीत पिवळा लोण्यासारखा, एकीत आजारी,
एकीत वरच्या वायरी केसाइतक्या बारीक
आणि त्यांवरच्या कबुतराचा डोळासुद्धा.
एका जुन्या, बुरसटलेल्या काचेत सगळंच दुधात पडलेलं,
त्यात शंकरराव खळदकर शटर अर्धं वर ढकलताना,
हात हललेला, तोंड नाहीच.

मार्चमध्ये दुकान विकलं गेलं.
पाटी भंगारात गेली, वजनावर.
मग एक दिवस शंकररावांची वैजयंती जिना चढून आली.
तुमच्याकडे फोटो असेल म्हणाले खालचे लोक.
असेल? बाई, बसा.

मी दुधातला आधी दाखवला. वडील आहेत ना त्यात.
तिनं पाहिला, मान हलवली, पुढे म्हणाली.
पुढे, पुढे,
आणि केंजळ्यांच्या लेन्सपाशी थांबली.

तो फोटो सव्वाआठचा.
एरवी मी अकराला उघडतो,
त्या दिवशी केंजळ्यांना विमान गाठायचं होतं.
सव्वाआठला ऊन आळीत आडवं शिरतं,
पाच-सात मिनिटं, पत्र्याला घासून जातं.
तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं, उजव्या कोपऱ्यात.
"हे काय आहे?"

मी मोठं केलं.
पिवळ्याच्या खाली जुन्या रंगाचा उठाव,
सावलीची एक रेघ, मग दुसरी.
आणि बंधू.

एकवीस वर्षं मी तो कोपरा तपासत होतो.
कोपरा तीक्ष्ण आहे का, एवढंच पाहत होतो.

ती बराच वेळ बोलली नाही.
खाली कोणीतरी पाइप कापत होतं.
"मला काका होते?" असं तिनं मला विचारलं,
जणू मी सांगू शकलो असतो.
मग पर्स उघडत म्हणाली, हाच द्या. मोठा करून.
पैसे मी घेतले. कमी घेतले.
शंकररावांचा तो दुधातला माझ्याकडेच राहिला.

केंजळ्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.
परवा परत आले, हरिश्चंद्रगडाहून, रिकाम्या हाताने.
फरक पडतो का हो, म्हणाले,
आता जरा खालच्या आवाजात.
मी म्हटलं, काच चांगलीच आहे तुमची,
पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या घाईने जा.
ते रागावले असावेत.

समोर आता मोबाइलचं शोरूम झालंय,
जमिनीपासून माळ्यापर्यंत नुसती काच.
पाटी नाही, अक्षर नाही,
लेन्स रोखावी तर माझीच खिडकी दिसते तिच्यात,
खिडकीत कॅमेरा, कॅमेऱ्यामागे मी.
मध्ये सगळं ठीक.
कोपऱ्यात अजून तपासतोय.