हजेरी

माझं नाव कुशावर्ता.
हे लिहायला सोपं आहे.

म्हणायला मात्र 'कु'च्या उंबऱ्यावर
ठेच लागते, दरवेळी, त्याच अंगठ्याला.
आत्याने ठेवलं. तिला काय माहीत.

चौथीत रोकडे गुरुजी हजेरी घ्यायचे भराभर,
शेंगा सोलल्यासारखी.
'हजर'मधला ह माझ्या घशात
फुग्यासारखा फुगून बसायचा,
फुटेपर्यंत पुढची दोन नावं होऊन जायची.
त्या सालच्या कॅटलॉगात
मी अर्धं वर्ष गैरहजर आहे,
पहिल्या बाकावर बसून.

पुढे सगळं झालं.
वेखंड उगाळून झालं, मध चाटवून झाला.
औशाच्या बाजारातल्या एका माणसाने
जिभेखाली गुळगुळीत खडा धरायला सांगितला,
तो मी एका सोमवारी गिळला.
बघायला आलेल्या पाहुण्यांनी नाव विचारलं
तर काकूच म्हणाली, कुशावर्ता, लाजते जरा.
मी लाजत नव्हते.
मी 'कु'वर उभी होते.

आता हे तावरजेचं.
आमची नदी. नकाशात असेल-नसेल.
माघ सरला की ती सलग राहत नाही.
पुलाखाली एक डोह, हिरवट, दोन म्हशी बसतील एवढा.
मग वाळू. चिलारीचं बेट, कुणाची तरी रुतलेली चप्पल.
मग पुन्हा ओंजळभर पाणी,
त्यावर गांधीलमाशा.
मग परत वाळू, लांबच लांब,
जसं बोलताना माणसाने मधेच
आपण काय म्हणत होतो ते विसरावं.

लहानपणापासून तिला बघत आले
आणि लहानपणापासून म्हणत आले, आटली.
त्या दिवशी खिचडीचा तांदूळ धुवायला
नळाला पाणी नव्हतं, घागर घेऊन गेले.
द्रुपदा मावशी गुडघे टेकून
वाटीने वाळू उकरत होती.
मी म्हटलं, आ... आट...
ती थांबली नाही, माझा शब्दही पुरा केला नाही.
उकरत राहिली. माझं म्हणून झाल्यावर म्हणाली,
"आटंल कशानं? खालनं चालू हाय की."

हातभर खोल. ओल लागली, कड ढासळली,
पुन्हा उकरलं. मग गढूळ काहीतरी,
मग तळाशी चमकलं
आणि खळगा आपला आपण,
सावकाश,
भरायला लागला.
मी त्यात हात घातला. गार होतं.
इतकं गार की एकदम रडू आलं,
मावशीला वाटलं, वाळू गेली डोळ्यात.
हो म्हटलं.
तोच ह. लगेच निघाला.

मी काही बरी झालेली नाही.
काल गॅसच्या एजन्सीला फोन लावला,
पलीकडची बाई हॅलो हॅलो करून ठेवून देते,
तिला वाटतं रेंज नाही.
मी म्हणते, मधे वाळू आहे, एवढंच.
पुन्हा लावते.
टाकी यायला तीन फोन लागतात. लागू देत.

संध्याकाळी पुलावर जरा उभी राहते.
टिटवी अडखळत ओरडते,
एका दमात म्हण म्हणून
कुणी तिच्या मागे लागत नाही.
खाली तुकड्या-तुकड्याने नदी,
तरी गावात तिला तावरजाच म्हणतात,
अख्खं नाव.

सकाळी अंगणवाडीत हजेरी मी घेते.
अठरा पोरं, पाऊण तास.
पर्यवेक्षिका बाई आल्या की घड्याळ बघतात.
"विश्वदीप," म्हणते. हे नाव मला जमतं.
विश्वदीप गप्प.
पेन्सिल वर धरून मी थांबते.
त्याच्या घशात काही अडकलेलं नाही,
गाल भरून फुटाणे आहेत फक्त.
तरी थांबते.
सगळी पोरं त्याच्या तोंडाकडे बघतात.
सतरंजीवर खिडकीएवढं ऊन.

चावू दे.