काळीज

अल ऐनमध्ये सकाळ पांढरी पडायच्या आत
मी बिस्किटला तबेल्यात घेतो.
ऊन तिला वर्ज्य.
जूनमध्ये तिच्या नाकावरची गुलाबी कातडी
पापुद्र्यांनी सुटायला लागली,
मी माश्यांना शिव्या घातल्या.
मग ओठ उलटून पाहिला. हिरड्या पिवळ्या.
सारंगखेड्याच्या बाजारात असं जनावर
वडील दावणीवरच सोडून पुढे जायचे.

डॉक्टर नेवीन म्हणाल्या, लिव्हर.
रक्ताचे आकडे मला दाखवले, जणू मला कळतात.
अल्फाल्फा बंद. साधं गवत, भिजवलेला बीटचा चोथा,
थोडं थोडं, दिवसरात्र मिळून सहा वेळा.
दोनचा गजर माझा.

यमुनाला फोनवर सांगितलं, घोडीचं काळीज बिघडलंय.
ती म्हणाली, कुणासाठी झुरतेय?
अगं, खाटकाकडे मिळतं ते काळीज.
हसलो दोघं.

पण रात्री दोनला
भिंतीला कपाळ टेकून ती जांभया देत राहते,
हाक मारली तरी कान हलत नाही,
तेव्हा कुठलं काळीज
मला नीट सांगता येत नाही.

मैथा परदेशी शिकते. लहानपणी हिच्यावरून तीनदा पडली.
दर शुक्रवारी विचारते, खाल्लं का?
मी रिकाम्या घमेल्याचा फोटो पाठवतो.
उरलेलं आधी बाजूला काढून.

काल इशाच्या अजाननंतर तिला वाळूत सोडलं.
लोळली. उठताना अडखळली, फुरफुरली,
आणि माझ्या खिशात तोंड घालून गाजर शोधू लागली.
गाजर चालतं का,
हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.