खातं

जिना उतरताना गळ्यातलं ओळखपत्र
मी शर्टाच्या खिशात सरकवतो.
नैरोबीत, अपर हिलच्या नवव्या मजल्यावर आमची विमा कंपनी,
तिथले लोक तळमजल्यावरच्या काचेच्या कॅफेत
साडेसातशे शिलिंगचं सँडविच
पुढच्या दोन दातांनी कुरतडतात.
मी मागच्या गेटनं निघतो,
सिमेंटच्या ट्रकला वळसा घालून
निळ्या पत्र्याकडे.

मामा केवोचा किबांडा.
चार वासे, एक बाक, पालथे घातलेले रंगाचे डबे.
केवो तिचा थोरला. तो कधी दिसत नाही,
त्याच्या नावानं ती दिसते.

आधी हातावर कोमट पाणी.
मग ती विचारते, किती?
विचारते म्हणजे भुवई उचलते.
मी दोन बोटं दाखवतो.
दोन चपात्या, तांबडा घेवडा, चिमूटभर कचुंबरी,
आणि सोड्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून
त्यातून उडवलेली मिरची. जपून,
गेल्या वर्षी ती माझ्या टायवर उडाली
आणि दुपारची अख्खी मीटिंग मी
छातीशी फाईल धरून काढली.

शेजारी वेकेसा, गवंडी.
चपातीची सुरळी करतो, बुडवतो, बोलत राहतो,
सासऱ्यानं परत मागितलेल्या गाईबद्दल,
जी आता गाभण आहे, मग वासरू कुणाचं?
पलीकडे मुतिसो, वायरमन. जेवताना शब्द नाही,
घास मोजत असल्यासारखा.
घेवडा संपला की ताट पुढे सरकवायचं.
रस्सा फुकट. दाणे नाहीत, फक्त रस्सा.
पण मामा केवोचा डाव कधीमधी चुकतो,
पाच-सहा दाणे ताटात येतात.
ती तेव्हा नेमकी रस्त्याकडे बघत असते.

पैसे फोनवरून. नव्वद शिलिंग.
नंबर पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेला, सातचा पाय ओघळलेला.
लगेच मेसेज येतो:
डॉर्कस न्याबोके ओम्बाती यांना मिळाले.
दोन वर्षं रोज हे नाव वाचतो
आणि रोज वाटतं,
चुकून दुसऱ्याच कुणा बाईला गेले.

परवा नेटवर्क गेलं, अख्ख्या टेकडीचं.
माझ्या खिशात नोट नाही, नाणं नाही.
बस, लिहिते, ती म्हणाली.
शाळेची वही. पहिल्या पानांवर केवोचे भागाकार,
बाकी उरलेली, लाल शाईनं गोल केलेली,
मग उधारी.
तिनं कानामागची पेन्सिल काढली.
नाव विचारलं नाही. लिहिलं:
नववा मजला. दोन चपात्या. घेवडा. ९०.

मी खिशातलं ओळखपत्र चाचपलं.
इतके दिवस काय लपवत होतो, कोण जाणे.

आणि वरच्याच ओळीत, त्याच अक्षरात:
नववा मजला, मोठा. पार्सल. जास्त रस्सा.
गेल्या मंगळवारपासून. ३६०.

मोठा.
म्हणजे चेरुयोत साहेब, दुसरं कोण.
ज्यांनी नोटीस बोर्डावर पत्रक लावलंय,
कर्मचाऱ्यांनी उघड्यावरचे पदार्थ टाळावेत,
आजारपणाचे दावे वाढतात, खाली सही.
ज्यांच्या केबिनमधून दीड वाजता येणारा वास
आम्ही एसीचा समजत होतो.

मी काही बोललो नाही. तीही नाही.
वेकेसानं माझ्या खांद्यावरून वाकून वही वाचली
आणि म्हणाला,
हा मजला बराच खातो की.
मुतिसो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा
मी त्याचे दात बघितले.

संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.
साहेब वरचे आकडे बघत होते, नऊ, आठ, सात.
त्यांच्या कफावर तांबूस ठिपका,
वाळलेला, घेवड्याच्या सालाएवढा.
चौथ्या मजल्याशी मी म्हटलं,
नेटवर्क आलंय, सर.
ते जरा वेळानं, दाराकडे बघत,
हो. द्यायचेत.
डॉर्कसचे.