पथारीवरचा वारा

डिसेंबरात नंदुरबारला
वारा कुणाला विचारून सुटत नाही.
बायपासपलीकडे सहा एकर मिरची उताणी पडलेली
आणि अर्ध्या गावाला ठसका.
बाहेरचा माणूस रुमाल शोधतो.
आम्ही बोलणं थांबवतो, शिंकतो,
आणि वाक्य तिथूनच पुढे नेतो.

याच पथारीच्या कडेला
मी बारावीचं भौतिकशास्त्र वाचलं.
आई देठ खुडायची, पाटीमागे पैसे.
सुट्टीत मी निवडायला बसायचो,
पिकलेली इकडे, अर्धकच्ची तिकडे,
बोटांनी दाबून, कानाशी हलवून,
अडलंच तर देठ मोडून वास घेऊन.
मला वाटायचं सगळे असंच निवडतात.

पायलट व्हायचं, हे आठवीतच ठरलं होतं.
धुळ्याला धावपट्टीच्या कुंपणाबाहेर
मी आणि रोहिदास तीन तास उभे होतो.
एक पांढरं, दोन जणांचं विमान
सात वेळा टेकलं, सात वेळा उठलं.
शिकणाराही घाबरत असणार
हे पाहून मला धीर आला.

फीचा आकडा ऐकून आई म्हणाली,
"इतला पैसामां इमान बी भेटस का?"
मग शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं,
आणि यादीखाली बारीक अक्षरांत:
आधी मेडिकल.

नाशिकला डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
"आकडा वाचा."
कुठला आकडा?
पान उलटलं. पुन्हा ठिपके,
पथारीसारखेच, पाखडून पसरलेले.
डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा,
हे मी प्रश्नसंचातून घोकलं होतं.
घोकलेलं आपोआप दिसतं
असा माझा समज होता.

परतीच्या एसटीत मी प्रत्येक सिग्नलला
वरचा दिवा की खालचा, एवढंच बघत आलो.
आई रात्रभर एकच म्हणत राहिली,
"माले कसं समजनं नई रे,
तू तर मिरची इतली बरोबर निवडे."

वर्ष गेलं. ते वर्ष मी सांगणार नाही.

गफ्फारभाई कूलरवाल्याच्या भंगारातून
एक पंखा मिळाला, वाजणारा.
प्लायवुडचं खोकं, एका बाजूला काच,
तोंडाशी रसवंतीतून मागून आणलेल्या
चारशे नळ्या, एकीला एक चिकटवून,
म्हणजे वारा आत शिरताना गोंधळ सोडून येतो.
मधे थर्माकोलचा पंख. समोर उदबत्ती.
धूर पंखाच्या पाठीवरून
मांजरावरून हात फिरावा तसा गेला.
पंख तिरपा केला, अजून तिरपा,
पंधरा अंशांच्या आसपास कुठेतरी
धुराने पाठ सोडली.
मागे नुसता गुंता.
इथे विमान पडतं.
हे मला दिसलं. राखाडीत, स्वच्छ,
कुणालाही दिसलं असतं तितकंच.

आता शहाद्याला मेकॅनिकलचं तिसरं वर्ष.
गेटचा फॉर्म भरलाय, पेपर एरोस्पेस.
रोहिदास म्हणतो, विमान बनवणारे बसतात खुर्चीवर,
उडतो तो पायलट.
खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.
रात्री वरून काही गेलं
की अजूनही मान वर जाते, आणि
मी दिवे मोजतो, रंग विचारत नाही.

मागच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर
एक अडथळा काढला, त्यावरून वारा,
आणि अडथळ्यामागे उलटा फिरणारा भोवरा.
"इथे प्रवाह मागे वळून येतो," म्हणाले.
मी खडू बघत होतो
आणि ऐकू येत होती आई,
मी पाच-सहा वर्षांचा, सावली शोधत निघालेलो:
"ढिगामांगे बठू नको रे,
तठे वारा फिरीसन येस,
डोयामा जाई."

मला वर्गात ठसका लागला.
सर म्हणाले, पाणी पिऊन ये.