जिच्या जागी मी गेले

वर्षानं घरी आले, तर माझ्या कॉटशेजारच्या भिंतीवर
पेन्सिलनं लिहिलेलं:
नीळ्ळु, अन्नम्, चालु.
पाणी, भात, पुरे.
अक्षर शिकाऊ, ‘ळ’ची पोटं जरा जास्तच सुटलेली.

ही यागोदा.
कॉलेजच्या कागदावर आम्ही दोघी एकाच ओळीत होतो,
ती इकडे, मी तिकडे, खाली दोन शिक्के.
आमची विमानं बहुतेक हवेतच
एकमेकींना ओलांडून गेली असतील.

मला मिळाली तिची खोली, वूच नावाच्या शहरात.
स्पेलिंग वाचलं तर लॉड्झ होतं,
म्हणून पहिला महिना मी
जिथे राहत होते त्या गावाचं नाव चुकीचं सांगत होते.
खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची.
फोटो पाठवला तर नान्ना म्हणाले,
“एवढ्या लांब जाऊन जुन्या मिलचाच फोटो काढलास होय?”

तिच्या आईला मी पानी बोझेना म्हणायचे.
त्यांच्यात बाईमाणसाला पानी म्हणतात.
हे ऐकून अम्मा फोनवर अर्धा तास हसली,
मग म्हणाली, “उकळून पितेस ना?”

त्या गिरणीत आता कॉफी मिळते.
एकच माग ठेवलाय, दोरीपलीकडे.
दर रविवारी पानी बोझेना तो
दहा मिनिटं चालवून दाखवते, लोक टाळ्या वाजवतात.
बारा वर्षं तिथेच कामाला होती, तेव्हा कोण वाजवत होतं?
एकदा ताणा तुटला आणि माझा हात
आपोआप दोरीखालून आत गेला.
रखवालदार ओरडला.
तिनं त्याला हातानंच गप्प केलं,
माझी बोटं धरली
आणि गाठ मारून दाखवली, विणकराची, बारीक,
फणीतून निसटून जाईल अशी.
आमच्या शेडमध्ये सहा माग आहेत टॉवेलचे.
नान्नांनी मला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता.

इकडे यागोदानं पहिला आठवडा कानात कापूस घातला.
नंतर नंतर म्हणे, रात्री वीज गेली आणि माग थांबले
की तीच दचकून उठायची.
सत्तर फूट रोडचा भाजीवाला विचारतो, जागूबाई कधी येणार?
मी वर्षभर नव्हते, हे त्याच्या लक्षात नाही.
गड्ड्यात ती आकाशपाळण्यात दोनदा बसली.
मे महिन्यात ओली चादर अंगावर घेऊन गच्चीवर झोपली.
जेवताना चालु म्हणायची, म्हणजे पुरे,
आणि शेजारच्या कुलकर्णी काकूंना वाटायचं
अजून वाढा म्हणतेय, चालू द्या म्हणतेय.
पाच किलो वाढली.

हे सगळं मी हसून ऐकलं.
मग खिळ्यावरची कात्री दिसली,
लहान, मुठीला निळा दोरा बांधलेली.
“तिची,” अम्मा म्हणाली. “विड्या वळायला शिकली.
दिवसाला तीस. सगळ्या छाट.”

मला कधी शिकवल्या नाहीत.
मी अभ्यासाला बसले की अम्मा पानांचं सूप घेऊन
दाराबाहेर जायची, पावसातसुद्धा.
तंबाखूचा वास वह्यांना लागू नये म्हणून.

रात्री यागोदाचा मेसेज आला.
आईनं तुला गाठ शिकवली?
मला तर तिनं त्या गिरणीचा रस्तासुद्धा दाखवला नव्हता.
मी लिहिलं, खोडलं,
परत लिहिलं: कात्री इथेच आहे तुझी.

सकाळी अम्मा हजाराच्या हिशोबाला बसली होती.
मी कात्री काढली, शेजारी मांडी घातली,
एक ओलं पान उचललं, शीर कापायला गेले,
तिरकंच गेलं.
तिनं पुढचं पानही उचलू दिलं.
तिसऱ्याला सूप स्वतःकडे ओढलं
आणि वर न बघता म्हणाली, चालु.
मागे शेडमध्ये सहाही माग चालू होते.
नक्की काय म्हणाली, मी विचारलं नाही.