श्वास धरा

गुहागर. दुपारचे दोन. एकोणिसावी पेशंट:
भागीरथी पालशेतकर, वय एकसष्ट, पित्ताचे खडे?
"श्वास आत घ्या. धरा."
पित्ताशय बरगडीमागे दडलेलं;
मी प्रोब आणखी रेटते,
खांदा कानापाशी, मान स्क्रीनकडे,
डावा हात बटणांवर.
रात्री या उजव्या हाताने
पेजेचं पातेलंही उतरत नाही.

"सोडा."
ती सोडते. म्हणते,
"बाय, तू कशाला धरलायस?"

खरंच. मीही धरला होता.

"चाळीस वर्सं खाडीत वल्हवलंय मी.
मनगटानं ओढू नये. कंबर द्यावी."

मी स्टूल तिच्या कुशीपर्यंत सरकवते,
कोपर अंगाशी घेते.
खडे दिसतात,
वाळूत रुतलेल्या तिसऱ्यांसारखे.

खांदा ठणकतोच.
बाहेर विसावी खोकते.